तेरा दिवस

मास्तरांनी फोनच्या पटावर वजीर सरकवला आणि चूक तत्क्षणी ध्यानात आली. पण समोरच्या घोड्याने तो तोवर गिळलाही होता.

‘‘सतरा चालींत गार,’’ मास्तर म्हणाले.

शिलाईच्या दुकानात शेजारीच सून शर्टाला काजं करत होती. ‘‘सोपी पातळी लावा ना, बाबा. तुम्हीच जिंकाल.’’

‘‘सोपी लावली की फोन मुद्दाम चुकतो गं. आपला कंपाउंडर मनापासून चुकायचा.’’

समोरच्या औषधांच्या दुकानातला कंपाउंडर. दुपारी गिऱ्हाईक नसलं की शिलाई मशीनशेजारी पट मांडायचा, हा दोघांचा तीस वर्षांचा शिरस्ता. डावात एक चाल परत घ्यायची मुभा, पण घेणाऱ्याने चहा सांगायचा. चहा बहुतेक कंपाउंडरच सांगायचा. मग सुनेने फोनमध्ये हा खेळ घालून दिला. मास्तर महिनाभर त्याचा मार खात शिकले आणि शिकलेलं सगळं बिचाऱ्या कंपाउंडरवर काढलं. त्या दिवशी त्याने वजीर भलत्याच घरात ठेवला आणि सवयीने परत घ्यायला हात पुढे केला, तेव्हा मास्तर म्हणाले, ‘‘फोन देतो का चाल परत?’’

कंपाउंडर उठला. चपला घातल्या आणि गेला. त्याला आज तेरा दिवस झाले. मधला रस्ता जेमतेम वीस पावलांचा, पण मास्तरांना काही तो ओलांडवेना. आठवण मात्र जीव खात होती. हरत आल्यावर तो कानाची पाळी ओढत कुरकुरायचा, ती कुरकुरसुद्धा आता हवीशी वाटत होती.

मास्तरांनी फोन खणात टाकला आणि जुना पट काढला. तो अर्धा राहिलेला डाव त्यांना तोंडपाठ होता. एकेक सोंगटी जागच्या जागी बसली. शेवटी कंपाउंडरचा वजीर त्यांनी हातात घेतला आणि चुकायच्या आधी होता त्या घरात ठेवला. मग समोरच्या स्टुलावरचे दोरे झटकले.

‘‘अगं, जरा समोर जाऊन ये. कंपाउंडरला म्हणावं, आज चहा मी सांगितलाय.’’

सुनेने सुई कापडात खोचली. ‘‘तुम्ही? पण चाल तर काकांनी परत मागितली होती ना?’’

मास्तर रस्त्यापलीकडे बघत होते.

‘‘मागितली त्याने. घेतोय मी.’’