रिकाम्या खोलीतला पंखा

इमारती, कारखाने, वाहनं यांना कोणता नियम लावला तर किती ऊर्जा वाचेल, याचं मॉडेल मुलगी संगणकावर बनवते. पडताळायला पहिलं घर तिनं माझंच घेतलं, पस्तावली. “बाबा, आई गेल्यावर वीज कमी लागायला हवी. तेवढीच कशी?” “तुझ्या संगणकाला विचार.” “त्याला वेड लागायची पाळी आलीय!” तणतणत तिनं घर पालथं घातलं. तिच्या आईच्या खोलीत पंखा चालू होता, खुंटीवरचा गाऊन झुलत होता. “रिकाम्या खोलीत? दिवसभर?” “रात्रीसुद्धा.” “तुमच्यासारखे चार निघाले तर माझं धोरण बुडालंच!” “मग मला वगळ. पंख्याला हात लावू नकोस.” तिनं बटण बंद केलंच. पाती थांबली. गाऊन नुसता लटकला. जणू तिची आई आत्ताच खोलीतून उठून गेली. मग तिनंच पंखा पुन्हा लावला आणि माझ्यावर खेकसली, “आता हे मॉडेलमध्ये कुठं बसवू मी?”