सगळ्यांना एकच शेवट

गुरुवारी संध्याकाळी मिहीर आणि कस्तुरी सबनीस नेहमीसारखे एकाच सोफ्यावर, पण आपापला चष्मा लावून ‘ध्रुवापार’ बघायला बसले. मालिका बावीस वर्षं चालू होती. चष्मा बघणाऱ्याचं मन ओळखायचा आणि ज्याला हवी तशी गोष्ट त्याला दाखवायचा. मिहीरची कॅप्टन इरा लढाया जिंकायची, कस्तुरीची इरा ओसाड ग्रहांवर बागा फुलवायची. बघून झालं की दोघं काही न बोलता उठायचे. बोलणार तरी कशाबद्दल?

त्या दिवशी मात्र लेखिका शाल्मली नाबर यांनी सगळ्या प्रेक्षकांना एकच भाग दाखवला. यानातली माणसं वाचावीत म्हणून इरा एकटी मागे राहिली आणि मेली.

मिहीरने चष्मा काढला. “तुझीही मेली?”

“हो,” कस्तुरी डोळे पुसत म्हणाली. “पण तिनं केलं ते बरोबर होतं.”

“डोंबलाचं बरोबर! दुसरं यान बोलवता आलं असतं.”

“अरे, ते येईपर्यंत तग धरायला इंधन कुठे होतं?”

जेवण झालं तरी वाद संपला नाही. घरोघरी हेच चाललं होतं. निम्मे प्रेक्षक नाबरबाईंना काढून टाका म्हणत होते. शेवटी वाहिनीने माफी मागितली आणि ज्याला हवा त्याला मनासारखा शेवट देऊ केला.

“घेतलास बदलून?” रविवारी कस्तुरीने विचारलं.

“नाही. मग भांडू कुणाशी?” मिहीर म्हणाला. “आणि इंधनाचं तुझं साफ चुकतंय.”

कस्तुरीने त्याच्यासाठी खुर्ची ओढली. “बस इथे. सांगते.”