दादाला उत्तर

थोरल्या भावाच्या पत्राला निवृत्त ग्रंथपालांनी आठ महिने उत्तर दिलं नव्हतं. "त्या टोळक्याबरोबर बिअर ढोसत बसतोस असं ऐकलं. खोटं असेल तर तसं लिही, खरं असेल तर माझी पायरी चढू नकोस," एवढाच मजकूर होता.

ग्रंथपाल तर थेंबालाही शिवत नसत. दर गुरुवारी दुपारी त्यांचे तिघे मित्र ब्रुअरीत नव्या क्राफ्ट बिअरची चव घेत आणि हे लिंबू सोडा पीत त्यांची मतं वहीत टिपत. कडवट, संत्र्याच्या सालीचा वास. तिघांतल्या निवृत्त फोरमनच्या मते साबणाचं पाणी.

"अरे पुस्तक्या, लिहून टाक की, ते बेवडे पितात, मी सोड्यावर असतो," फोरमन म्हणाला. "दादा खूश. आमचं काय जातंय?"

मित्रांना बेवडे ठरवून आपण तेवढं सोवळं राहायचं, हे ग्रंथपालांच्या जिवावर आलं. आणि खोटं तर त्यांना लिहिता येत नसे. त्यांनी एक ग्लास मागवला, तोंड वाकडं करत तळापर्यंत संपवला, तिथेच पोस्टकार्ड लिहिलं आणि जाताना पेटीत टाकलं.



"दादा, ऐकलंस ते खरं आहे. आता तूच माझ्याकडे येत जा, फक्त गुरुवारी नको."