पलंगाशी बांधलेलं बटण

नणंदेने भरलेली पिशवी दाराशी ठेवली. आत आईचे कपडे होते, औषधं होती आणि चष्मा होता. चष्मासुद्धा भरला, म्हणजे बोलणं संपलं होतं. आईला ती स्वतःकडे घेऊन निघाली होती.

"आईनं बटण दाबलं आणि घरात असून तू आली नाहीस," ती म्हणाली. "म्हणून ती एकटी उठायला गेली आणि पडली. वहिनी, साऱ्या दुनियेचे रेडिओ दुरुस्त करतेस, घरातली एक बेल चालू ठेवता येत नाही तुला?"

दिव्याखाली अंधार, हे नणंदेने म्हणायच्या आधी सुनेने मनातल्या मनात म्हणून घेतलं. त्या वेळी ती पलीकडच्या खोलीत गिऱ्हाइकाचा स्पीकर मोठ्या आवाजात तपासत होती. हे तिने आपणहूनच सांगितलं होतं आणि तेच तिला नडलं. सासूने जावं असं तिला मुळीच वाटत नव्हतं. पण आता तसं म्हटलं असतं तर तो साळसूदपणा ठरला असता.

सासू कपाळावर पट्टी बांधून पलंगावर बसली होती. दोघींकडे न बघता ती चादरीचा कोपरा दुमडत होती, उलगडत होती. तिला कुणी काही विचारलं नव्हतं.

"ताई, नेण्याआधी बटण उघडून बघू द्या."

"बघ. बैल गेला आणि झोपा केला."

सुनेने भिंतीतला प्लग काढला, पलंगाच्या कठड्याला बांधलेलं बटण सोडवलं आणि स्क्रू काढले. आत धातूच्या दोन पट्ट्या होत्या. बटण दाबलं की एक पट्टी दुसरीवर घासून टेकते, आणि रोजच्या वापरात तिथे चकचकीत ठिपका पडतो. इथे ठिपका नव्हता. दोन्ही पट्ट्या कपाटात विसरलेल्या चांदीच्या चमच्यासारख्या काळ्या पडल्या होत्या. त्या काळ्यावर एकच बारीक ओरखडा होता. ताजा.

तिने भिंग लावून पुन्हा पाहिलं. बेल तिने थंडीत बसवली होती. आता डोक्यावर पंखा फिरत होता.

"आई, त्या दिवसाच्या आधी तुम्ही हे कधी दाबलं होतं?"

चादरीचा कोपरा दुमडून झाला, उलगडून झाला.

"हे काय विचारणं झालं? रोज दाबत असणार," नणंद म्हणाली. "पाणी लागतं, उठवून बसवायला लागतं. मग ती बोलावते कशी तुला?"

सुनेने भिंग खाली ठेवलं. "खोकतात."

"काय?"

"खोकल्या की मी पाणी घेऊन येते. मग त्या म्हणतात, आलीच आहेस तर जरा उशी सरकव." बोलता बोलताच तिला उमगलं. खोकल्याचं औषध आजवर दोनदा बदलून झालं होतं.

नणंद आईकडे वळली. "आई, अगं!"

"उभी नोकरी साहेबांच्या दाराबाहेर स्टुलावर बसून काढली," सासू चादरीकडे बघत म्हणाली. "बेल वाजली की उठायचं. तोंडातला घास तसाच ठेवून उठायचं. घरच्या माणसाला मी बेल मारू? नाही जमत मला." मग म्हणाली, "त्या दिवशी खोकून बघितलं, कुणी आलं नाही. म्हणून दाबली. नाही वाजली. म्हटलं, बरोबरच आहे, घरच्यांना बेल मारायची नसतेच."

नणंदेचे डोळे भरून आले, आणि ते दिसू नयेत म्हणून ती सुनेवरच खेकसली, "पण बिघडलं कशानं?"

"न वापरल्यानं."

पलीकडच्या खोलीत सुनेच्या टेबलावर कॉन्टॅक्ट क्लीनरचे, म्हणजे विजेच्या जोडांवरचा मळ काढणाऱ्या फवाऱ्याचे, दोन डबे होते. एक मागे तेल ठेवून जातो. रेडिओच्या आवाजाच्या बटणाला तो मानवतो, पण असल्या पट्ट्यांवर त्याला धूळ चिकटते. तिने दुसरा उचलून आणला. तो उडून जातो, मागे काही ठेवत नाही, प्लास्टिकलाही खात नाही. तिने खिडकी उघडली, बारीक नळी लावून थोडंसं फवारलं, झाकण बसवलं आणि बटण सासूच्या हातात दिलं.

"आता दाबत राहा."

सासूने हात मागे घेतला.

"प्लग काढलाय, आई. कुणी उठणार नाही. नुसत्या फवाऱ्यानं मळ निघत नाही, दाबून दाबून निघतो."

सासूने भिंतीकडे बघून खात्री करून घेतली. मग दाबलं. परत दाबलं. हळूहळू हात बसला, मटार सोलावेत तशी ती दाबत राहिली.

फवाऱ्याचा वास पुरता गेल्यावर सुनेने प्लग लावला आणि डबा जागेवर ठेवायला पलीकडच्या खोलीत गेली. नणंद गाडी बोलवायला फोन घेऊन बाहेर गेली. नंबर मात्र तिने अजून लावला नव्हता.

बेल वाजली. चांगली खणखणीत वाजली. दोघी धावल्या आणि दारातच एकमेकींवर आदळल्या.

सासू पाठ ताठ करून बसली होती. बटणावरचा अंगठा तिने अजून उचलला नव्हता, तो उचलल्यावर बेल थांबली.

"ती पिशवी रिकामी करा," ती म्हणाली. हा आवाज त्यांनी घरात कधी ऐकला नव्हता. "आणि माझा चष्मा आधी."

दोघी पिशवीकडे वळल्या. तशी ती मागून घाईघाईने म्हणाली, "सवडीनं हं."

स्टुलावरच्या त्या साऱ्या वर्षांत, बेल वाजल्यावर हे तिला कधी कुणी म्हटलं नव्हतं.