कानातला बिल्ला

"कानात बिल्ला नसेल तर सभेला सोडता येत नाही," दारावरचा कारकून म्हणाला.

"अरे, बावीस वर्षं रेडेपालक संघाचा सभासद आहे मी!" रुस्तुमराव कडाडले. "बिल्ला माझ्या या रेड्याच्या कानात आहे."

"मग सभासद तो. यादीत नंबर त्याचाच आहे." कारकुनानं त्यांच्या हातातला कासरा घेतला आणि रेड्याला अदबीनं आत नेलं.

रुस्तुमरावांनी खिडकीतून डोकावलं. आत रेडे दाटीवाटीनं उभे होते. सचिवांनी ठराव वाचला, "यापुढे सभासदांना खाटकाकडे पाठवू नये. गरज पडल्यास बिनबिल्ल्याचे पाठवावेत." रेड्यांनी रवंथ करत माना हलवल्या. ठराव एकमतानं मंजूर झाला.

रुस्तुमरावांनी आपले दोन्ही कान चाचपले. धावत दाराशी येऊन त्यांनी टेबलावरची बिल्ले मारायची पक्कड कारकुनाच्या हातात दिली.

"डावा कान चालेल ना, साहेब?"