बातमीची तालीम

नाखरेकाकांच्या संमतीने डॉक्टर वृषालीने त्यांच्या जिभेखाली थेंब सोडले, जरा वेळ जाऊ दिला आणि सांगितलं, की गाठ पसरली आहे, आता ऑपरेशन होणार नाही. भांगेच्या त्या अर्काचा अंमल असताना ऐकलेलं, तो उतरल्यावर आठवत नसे. वाईट बातमीची अशी तालीम घ्यायची, माणूस कुठे कोसळतो ते पाहायचं आणि खरं दुसऱ्या दिवशी बेताने सांगायचं, ही आता हॉस्पिटलची रीतच झाली होती.

नाखरेकाका कोसळले नाहीत. “हिला मीच सांगतो,” म्हणत ते उठले आणि वृषालीने अडवायच्या आत बाहेर बाकावर काकूंशेजारी जाऊन बसलेसुद्धा.

अंमल उतरला तेव्हा काकूंचा हात त्यांच्या हातात होता.

“मी बाहेर कधी आलो गं? आणि डोळे का लाल तुझे?”

“या एसीची सवय नाही हो. बाई म्हणाल्या, उद्या या. चला, घरी थालीपीठ लावते.”

काकांना लिफ्टपाशी उभं करून, पिशवी राहिल्याच्या निमित्ताने काकू एकट्याच आत आल्या. वृषालीला मान वर करवेना.

“चूक माझी आहे, काकू. आणि आता तुम्हाला थेंब देऊनही उपयोग नाही. आधी ऐकलेलं त्याने पुसलं जात नाही.”

“थेंब नकोतच. उद्या फक्त आम्हा दोघांना एकदम सांगा. मी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी रडेन,” काकू पिशवी उचलत म्हणाल्या. “मी रडायला लागले, की यांना स्वतःसाठी रडायला सवड मिळत नाही.”