शतावरीला चूलबंद आवतन

“झाडाची सही कुठे आहे?” प्रभाकर साहेबांनी फॉर्म उलटसुलट करून विचारलं.

“सही नाही येत तिले,” देवकाबाई म्हणाली. “अंगठ्याचं म्हणाल, तं अंगठाही नाही.”

फॉर्म तीन प्रतींत होता. प्रभाकर साहेब नागपूरच्या एका चूर्ण-तेलाच्या कंपनीचे खरेदी अधिकारी. कंपनीच्या मालकांनी चौऱ्याऐंशीच्या दिवाळीत नवा नियम काढला होता: वनस्पतीच्या संमतीशिवाय एक मूळही उपटायचं नाही. नव्या सालाच्या कॅलेंडरवर तसं छापूनही झालं होतं. या नियमाला कारण देवकाबाईच. सावरगावच्या टेकडीवरची शतावरी ती चाळीस वर्षं खणत होती. खणायच्या आदल्या संध्याकाळी वेलीपुढे हळद-तांदूळ ठेवायची आणि आवतन द्यायची. उद्या ये बाई आमच्या घरी. मालकांनी हे ऐकलं आणि त्यांचे डोळे भरून आले. डोळे पुसून त्यांनी फॉर्म छापायला टाकले.

अडचण एवढीच होती की मालकांना संमती हवी होती आणि दहा क्विंटल मुळ्याही हव्या होत्या. ट्रक उद्या येणार होता.

“दिवसाला किती वेलींना विचारता?” साहेबांनी विचारलं.

“वीस-पंचवीस. अन् एका वेलीचं एकच मूळ घेते. खाली मुळायचं अख्खं खटलं असते, साहेब. आवतन घरटी एकालेच द्याव. बाकीचे मांगं राह्यले, तं पुढच्या साली पुन्हा बोलावता येते.”

अशानं दहा क्विंटल भरायला पुढची दिवाळी उजाडली असती.

“याहून मोठं आवतन नसतं का?”

देवकाबाई खोटं बोलणारी नव्हती. “असते ना. चूलबंद.”

चूलबंद म्हणजे घरातल्या सगळ्यांना. म्हातारी, तान्हं, मुक्कामाला आलेला जावई, सगळे. त्या दिवशी त्या घरात चूल पेटत नाही.

“मग चूलबंदच देऊ!”

“नका देऊ साहेब. चूलबंद दिलं तं घरात मांगं कोण राहीन? टेकडी बोडकी होऊन जाईन. माह्यं पोट हाय त्या टेकडीवर.”

“संमती असल्यावर मागे कुणी राहायचं कारणच काय?” साहेब म्हणाले. हे वाक्य त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं, की त्यांनी ते पुन्हा एकदा म्हटलं.

गावातले तीस मजूर त्यांनी उद्याच्या खणाईला सांगून ठेवले. मग कागद घेतला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: ‘सावरगावच्या समस्त शतावरी मंडळींस कंपनीतर्फे उद्या सकाळी दहा वाजता पांढुर्ण्याच्या गोदामात चूलबंद आवतन. नकार असल्यास आजच कळवावे.’ कागद गावच्या चिंधू कोटवाराच्या हातात दिला आणि दवंडी पिटायला सांगितली.

चिंधूनं वेशीबाहेर जाऊन चष्मा लावला. हरवलेल्या म्हशींची, लसीकरणाची, नसबंदीच्या शिबिराची अशा सगळ्या दवंड्या त्यानं पिटल्या होत्या. झुडपांना जेवायला बोलावल्याचं त्याच्या नोकरीत कधी घडलं नव्हतं. साहेब पुण्याकडचे. घाईत एक मात्रा द्यायची राहिली असेल. औषधाच्या कंपनीचा कागद, त्यात मात्रा चुकून कसं चालेल? चिंधूनं ती स्वतःच देऊन टाकली. शतावरीचं शेतावरी झालं. मग तो संत्र्याच्या बागा आणि कपाशीची वावरं धरून निघाला.

“सावरगावच्या समस्त शेतावरी मंडळीले चूलबंद आवतन होऽऽ!”

संध्याकाळपर्यंत कुणाचाही नकार आला नाही. साहेबांनी फॉर्मवर तशी नोंद केली.

दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला सावरगाव जाम नदी ओलांडून पांढुर्ण्यात शिरलं. गावजेवणाच्या रिवाजाप्रमाणे प्रत्येकाच्या हातात आपापलं ताट-लोटा होता. तीनशे माणसं गोदामाच्या अंगणात आली आणि न सांगता पंगती धरून बसली.

“कोण तुम्ही?” साहेबांनी विचारलं.

“शेतावरी मंडळी,” पहिल्या पंगतीतला एक म्हातारा म्हणाला. “आवतन होतं ना, बाप्पा.”

साहेबांना ऐकू आलं ते शतावरी. म्हातारा दिसायलाही थोडा मुळासारखाच होता. साहेबांनी निमूटपणे शाईचा पॅड पुढे केला. म्हाताऱ्यानं त्याकडे पाहिलं आणि हे नंतर वाढा म्हणून सांगितलं. तेवढ्यात ताट मांडून बसलेला चिंधू साहेबांना दिसला, आणि मात्रेचा उलगडा झाला.

“आणि टेकडीवर? टेकडीवर खणायला कोण आहे?”

तिसऱ्या पंगतीतून तीस हात वर झाले. “ते आम्ही, साहेब. आमचीही चूल बंद हाय.”

बाहेर ट्रक येऊन थांबला. ड्रायव्हर उतरला, त्यानं एकवार पंगतींकडे पाहिलं आणि तो ताट शोधायला लागला.

साहेबांचा आवाज चिरकला. “अहो, अशी घरंच्या घरं उठून येतात का कुठे? घरटी एकानं यायचं! बाकीच्यांनी मागे राहायला नको?”

पंगतीच्या अगदी टोकाला देवकाबाई बसली होती. तिनं ओच्यातून कालच्या फॉर्मची आपल्याकडची प्रत काढली, ताटावर ठेवून तळव्यानं सरळ केली आणि साहेबांपुढे धरली.

“आता जे बोलले ना साहेब, तेवढंच इथं लिहून द्या,” ती म्हणाली. “शतावरीच्या वतीनं अंगठा मी लावते.”